उजव्या काचेवरचा लाल ठिपका

आमच्या धंद्यात माणसाची ओळख नाकापासून होते. तुम्ही लोक आधी चेहरा बघता, मी नाकाचं हाड बघतो. शारजात, रोल्लाच्या बाजारात चोवीस वर्षं चष्म्याच्या दुकानात उभा आहे. कुणाच्या नाकावरून फ्रेम घसरते, कुणाच्या नाकावर ती मुक्कामाला आल्यासारखी बसते, आणि माझ्या सासऱ्यांच्या नाकावर तर जगातली कुठलीच फ्रेम टिकत नाही. त्यांचं म्हणणं, दोष फ्रेमचा. असो.

आमच्या चर्चच्या अंकासाठी लिहा म्हणून मंडळीच्या पाळकसाहेबांनी गळ घातली. म्हणाले, "साक्ष लिहा." आता साक्ष म्हटलं की आपले ख्रिस्ती लोक डोळे मिटून रुमाल काढतात. मी चष्मेवाला, मला समोरच्याचे डोळे उघडे लागतात. म्हणून म्हटलं, साक्ष नको, धंद्याबद्दल लिहितो. त्यात साक्ष आपोआप आली तर माझा इलाज नाही.

तर आधी धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. चष्म्याचा नंबर दोन तऱ्हेचा. एक साधा, जवळचा किंवा लांबचा. दुसरा सिलिंडरचा. गॅसचा नव्हे हो! काही लोकांचा डोळा चेंडूसारखा गोल नसतो, जरा अंड्यासारखा असतो. त्याच्यासाठी काच एका ठरावीक कोनातच बसवावी लागते. कोन चुकला की जमीन उताराची दिसते, दरवाजा कललेला दिसतो, जिन्याची पायरी असते तिथे नसते. आणि दोन डोळ्यांचे कोन बहुधा वेगवेगळे. काचा मात्र कापायच्या आधी बशीएवढ्या गोल, पारदर्शक, अगदी जुळ्या बहिणी. कोणती उजवी, कोणती डावी, बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून यंत्रावर नंबर मोजला की लगेच उजव्या काचेच्या वरच्या भागात, कापल्यावरही राहील अशा जागी, मार्करने लाल ठिपका द्यायचा. काच कापून फ्रेममध्ये बसली, पुन्हा तपासली, की स्पिरिटच्या बोळ्याने ठिपका पुसायचा आणि चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा.

हा ठिपका मला हमीदभाईंनी शिकवला. हमीदभाई म्हणजे माझे मालक. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, पाच वेळा नमाज, दिवसाला नऊ चहा. मी नगरहून नवा नवा आलो तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तर, बाकी सगळं विसरलास तरी चालेल, ठिपका विसरायचा नाय. माणूस त्या काचेतून रस्ता ओलांडणार हाय." तेव्हापासून सगळा बाजार मला मास्तर म्हणतो. शाळेची पायरी मी नववीनंतर चढलो नाही, ती गोष्ट वेगळी.

गिऱ्हाइकंही एकेक वल्ली. एक म्हातारेबाबा दर सहा महिन्यांनी यायचे आणि म्हणायचे, धाकट्या भावाचा नंबर वाढलाय, मग माझाही वाढवा, मी थोरला आहे. एक बाई चष्मा घालून आरशात बघायच्या आणि माझ्यावर चिडायच्या, आधी सुरकुत्या नव्हत्या म्हणायच्या. आणि सगळ्यांना तोंड द्यायला आमच्याकडे एकच रामबाण वाक्य. जगातला कुठलाही चष्मेवाला हे वाक्य दिवसातून दहादा म्हणतो. "दोन दिवस डोकं दुखेल, मग सवय होईल." बहुतेक वेळा ते खरं असतं. म्हणूनच ते घातक आहे.

आता जरा कडू भाग. मी पीत होतो. थोडी नव्हे, भरपूर. शारजात दारूला बंदी, म्हणजे पिणाऱ्याने किती डोकं चालवलं असेल बघा. मी शेजारच्या अमिरातीतून आणायचो आणि दुकानात काच पुसायच्या निळ्या औषधाच्या बाटलीत भरून ठेवायचो. एका बाटलीत औषध, एका बाटलीत माझं औषध. एके दुपारी एका अरब बाईंचा गॉगल पुसताना बाटली बदलली. हमीदभाई शेजारीच उभे. त्यांनी हवेत एकदा हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं.

त्यांनी मनात आणलं असतं तर पोलिसात दिलं असतं. मग तुरुंग, आणि तिथून थेट विमानात. पण या माणसाने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "गावी जा. सुधारून ये. तुझी खुर्ची मी कुणाला देत नाय. पण तसाच परत आलास ना, तर तुला मीच पोलिसात देईन, अल्लाकसम."

आमच्या नगरकडच्या एका मिशन दवाखान्यात मी चार महिने होतो. हातांचा थरकाप, घाम, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसणं, सगळं झालं. बायको एस्तेर रोज डबा घेऊन यायची आणि एक शब्द न बोलता बसायची. तिचं न बोलणं शिव्यांपेक्षा जड होतं. तिथे प्रभूने मला धरलं असं मी म्हणतो. कुणाला ते पटो, न पटो. मी स्वतःला धरू शकत नव्हतो, एवढं मला पक्कं माहीत आहे.

परत आलो. हमीदभाईंनी खुर्ची खरंच ठेवली होती, वर प्लॅस्टिकचं कव्हर घालून. रविवारी चर्चच्या आवारात आमच्या मराठी मंडळीला चार ते साडेपाच हॉल मिळतो. साडेपाचला फिलिपिनो मंडळी की-बोर्ड घेऊन दारात उभी, त्यामुळे आमचा आशीर्वादही घाईतच होतो. त्याच आवारात मंगळवारी संध्याकाळी आम्हा दारूतून सुटू पाहणाऱ्या लोकांची छोटी संगती भरते. तिथे एक काम दिलं जातं. आपण पिऊन ज्यांचं वाटोळं केलं त्यांची यादी करायची आणि शक्य तितकं भरून द्यायचं. माझ्या यादीत नऊ नावं होती. एस्तेर, मुलगी, हमीदभाई, दोन भाऊ असं करत करत वर्षभरात मी नऊच्या नऊ नावांवर काट मारली. माझ्या मते मी मोकळा झालो होतो.

मग पाळकसाहेबांनी सुचवलं की मास्तर, तुमच्या हातात कला आहे, लेबर कॅम्पात जाऊन गरिबांचे डोळे तपासा. इथे कुणी उठून दानधर्म करू शकत नाही, परवानगी लागते. ते कागद हमीदभाईंनी फिरून फिरून मिळवले. चर्चच्या कामासाठी मुसलमान मालक दारोदार शिक्के गोळा करतोय, हे आमच्या मंडळीतल्या काहींना झेपलंच नाही. मला त्यात नवल वाटलं नाही.

महिन्यातून दोन रविवारी सकाळी आम्ही औद्योगिक क्षेत्रातल्या एका कॅम्पच्या जेवणघरात टेबल मांडायचो. मी डॉक्टर नव्हे. लायसन्स चष्म्याचं. नंबर काढायचा, चष्मा द्यायचा, काही आजार वाटला तर चिठ्ठी देऊन दवाखान्यात धाडायचं. एस्तेर नावं लिहायची. मुलगी कॉलेजला, ती आली तर तक्ता धरायची. कॅम्पातली माणसं रांगेत उभी राहायची, आठवड्यातली एकच सुट्टी, कपडे भिजत टाकून आलेली.

आणि मी? मी चष्मे वाटायचो आणि तोंड असं करायचो की जसा मीच मेलोय आणि मलाच खांदा द्यायचाय. मला वाटायचं, प्रायश्चित्त म्हणजे असंच असतं. हसलो तर पाप धुतलं जाणार नाही. एकदा परत येताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, ऑनेस्टली, यू लुक लाइक यू आर पेइंग अ ट्रॅफिक फाइन."

एस्तेर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "फाइन भरतानासुद्धा ते इतके दुःखी नसतात. मागच्या महिन्यात सिग्नल तोडला तेव्हा हसत होते."

मी रागावलो. मला राग पटकन येतो, दारू गेली पण तो गेला नाही. म्हटलं, "सेवा करतोय ते दिसत नाही, तोंड तेवढं दिसतं!"

"त्यांनाही तोंडच दिसतं," ती म्हणाली. "तुमचं मन थोडंच दिसणार आहे."

ते मला झोंबलं. पण तोंडावरचं सुतक काही सुटेना. पुढच्या रविवारीही तेच.

त्या रविवारी रांगेत रामप्रवेश होता. बिहारचा, चाळिशीचा, सळया वाकवणारा कामगार. बांधकामावर काँक्रीटच्या खांबात उभ्या सळया असतात, त्यांना बांधून ठेवायला चौकोनी रिंगा लागतात. बारीक सळई टेबलावरच्या खुंट्यांमध्ये अडकवून, हाताने वाकवून त्या रिंगा करायच्या, कोपरे अगदी काटकोनात. अठरा वर्षं त्याने हेच केलं होतं. आणि आता त्याच्या रिंगा तिरप्या येत होत्या. इंजिनिअरने दोनदा माल फेकून दिला होता. तिसऱ्यांदा म्हणाला, गुरुवारी कॅन्सल. इकडे कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द, बॅग भरा, घरी जा. त्याच्या हातात चार दिवस होते.

खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "साहेब, चश्मा मत दीजिए. चश्मा है. बस इतना बता दीजिए, पूरा अंधा कब होंगे?"

मी म्हटलं, काय झालं ते तर सांग. मग हळूहळू सांगायला लागला. दोन वर्षांपासून नजर उतरत चाललीय. जमीन तिरपी दिसते. शिडीवर पाय चुकतो. चौकोन केला की वाकडा दिसतो, सरळ करायला जावं तर इंजिनिअर म्हणतो हाच वाकडा आहे. त्याच्या वडिलांचे डोळे असेच चाळिशीत गेले होते, आता आपली पाळी, असं त्याने मनाशी धरलंच होतं.

"छुट्टी में घर गए थे," तो म्हणाला. "बिटिया हुई थी, आठ महीने की. गोद में नहीं लिए. गिरा देंगे तो? औरत बोली, बाप होके बच्ची को हाथ नहीं लगाते. क्या बताते उसको."

मी नेहमीच्या सुतकी चेहऱ्याने ट्रायल फ्रेम त्याच्या नाकावर चढवली. ही एक जड लोखंडी फ्रेम असते, तिच्यात काचा बदलून बदलून नंबर काढतात. काढत गेलो आणि चक्रावलो. साधा सिलिंडरचा नंबर, दोन्ही डोळ्यांना. आजार कसला म्हणून नाही. तक्त्याची शेवटची ओळ त्याने धडाधड वाचून दाखवली.

"तुझा चष्मा बघू," मी म्हटलं.

त्याने खिशातून चष्मा काढून दिला, आणि पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं दुकानाचं कार्डही दिलं. नंबर त्यावर लिहिलेला असतो. आधी मी चष्मा यंत्रावर धरला. उजव्या डोळ्याला हवा तो नंबर डाव्या काचेत, डाव्याचा उजवीत. काचा बदलल्या होत्या. कुणीतरी ठिपका न देता काच कापली होती. मी एस्तेरला म्हणालोसुद्धा, "बघ, कसले गाढव बसलेत आमच्या धंद्यात! माणूस मारतील."

मग कार्ड उलटं केलं. वर आमच्या दुकानाचं नाव. खाली थरथरत्या हाताने लिहिलेले आकडे. माझं अक्षर. तारीख मला दुकानातून गावी पाठवलं त्याच्या महिनाभर आधीची.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. रामप्रवेश आपला बोलतोच आहे. "लगाते ही सर दुखा साहेब, तो हम दुकान वापस गए थे. वहाँ एक मोटा आदमी था, लाल आँख वाला. बोला, आदत हो जाएगी, यल्ला, जाओ. तो हम आदत करते रहे. पढ़ा-लिखा आदमी था, झूठ थोड़ी बोलेगा."

तो लाल डोळ्यांचा जाडा माणूस त्याच्या समोर बसला होता. दारू सुटल्यावर मी वीस किलो उतरलो होतो, दाढी काढली होती. त्याने मला ओळखलं नव्हतं आणि ओळखण्याचं कारणही नव्हतं. मी त्याच्याकडे तेव्हा नीट बघितलंसुद्धा नसणार.

खरं सांगतो, दुसरी वाट मला लख्ख दिसली. नवा चष्मा करून द्यायचा, जुना खिशात टाकायचा, कार्ड फाडायचं. त्याची नजर सुधारेल, तो दुवा देईल, मी दयाळू ठरेन. कुणालाही काही कळणार नाही. माझी नऊ नावांची यादी पुरी झालेली, दहावं नाव वाढवायची काय गरज? एस्तेरने माझ्या हातातलं कार्ड बघितलं होतं. तिला माझं अक्षर कळतं. ती पेन खाली ठेवून बसून राहिली. दवाखान्यात बसायची तशी.

मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "रामप्रवेश, वो मोटा आदमी मैं हूँ. मैं दारू पीता था. तुम्हारा काच मैंने उल्टा लगाया. तुम्हारी आँख को कुछ नहीं हुआ है."

रामप्रवेशने माझ्याकडे एकटक बघितलं. मला वाटलं, आता हा कानाखाली देणार, आणि द्यावीच. मी गालसुद्धा तयार ठेवला होता.

तो म्हणाला, "तो हम अंधा नहीं हो रहे हैं?"

"नहीं."

"बाबूजी जैसा नहीं होगा?"

"नहीं रे बाबा, नहीं!"

आणि तो हसायला लागला. असा हसला, असा हसला की त्याला ठसका लागला. उठून उभा राहिला, रांगेकडे तोंड करून ओरडला, "अरे सुनो! आँख ठीक है! चश्मा उल्टा था! दो साल हम सीढ़ी को गाली दिए, सीढ़ी की कोई गलती नहीं थी!" सगळं जेवणघर हसायला लागलं. कुणी ताट वाजवलं. कुणी त्याला उचलायला गेला. मला माफी हवी होती, त्याच्या डोक्यात माफीचा विचारच नव्हता. त्याला डोळे परत मिळाले होते, आणि त्या आनंदात माझा गुन्हा कुठल्या कुठे वाहून गेला होता.

मग मीही हसलो. रडतही होतो, पण हसत होतो, हे नक्की. पुढच्या माणसाला खुर्चीत बसवलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "या राजे, तुमचा चष्मा सरळ आहे ना?" तो हसला, त्याच्या मागचा हसला. त्या दिवशी मी छप्पन्न माणसं तपासली आणि एकदाही सेवा करतोय असं वाटलं नाही. घरी जाताना एस्तेर म्हणाली, "आज फाइन माफ झालेला दिसतो."

पण गुरुवार डोक्यावर होताच. नवा चष्मा दिला म्हणजे नोकरी वाचली असं नाही. इंजिनिअरला कसं पटणार? इथे माणसाच्या शब्दाला वजन नाही, शिक्का मारलेल्या पत्राला आहे. दुकानाच्या लेटरहेडवर लिहून द्यायला हवं होतं की चूक आमची, कामगाराची नजर निर्दोष. सोमवारी दुपारी मी हमीदभाईंपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

त्यांचा चहा हातात तसाच राहिला. "येडा झालास काय रे मास्तर? आपल्या हाताने लिहून द्यायचं, आम्ही चुकीचा चष्मा दिला? कुणी तक्रार केली तर? तुझं लायसन्स जाईल, माझं दुकान जाईल. त्याला चष्मा दे, दोन चष्मे दे, फुकट दे. कागद नको."

"कागदाशिवाय तो गुरुवारी कॅन्सल होतो, शेठ."

"आणि कागदाने आपण कॅन्सल झालो तर?"

त्यांचं काही चुकत नव्हतं, ही तर खरी पंचाईत. तेवढ्यात जुहरची, दुपारच्या नमाजाची, अजान झाली. ते उठले, मशिदीत गेले. मी दुकानात बसून प्रार्थना केली. ते त्यांच्या जागी, मी माझ्या जागी. अर्ध्या तासाने परत आले, ड्रॉवर उघडला, लेटरहेड काढून माझ्यापुढे ठेवलं.

"लिही," म्हणाले. "ठिपका मी शिकवला होता. तू विसरलास, पण तपासायचं मीही विसरलो. शिक्का मी मारतो."

नवा चष्मा मी मंगळवारी स्वतः केला. मशीनपाशी उभा राहून उजव्या काचेवर लाल ठिपका दिला, कापली, बसवली, यंत्रावर तीनदा मोजली. रामप्रवेश काउंटरपाशी उभा राहून बघत होता. मी स्पिरिटचा बोळा घेतला तसा तो म्हणाला, "ये क्या मिटा रहे हैं?"

मी ठिपक्याची सगळी कथा सांगितली. त्याने बोळा माझ्या हातातून काढून घेतला. "रहने दीजिए, साहेब. ऊपर कोने में है, आँख में नहीं आता. इससे हमको भरोसा रहेगा."

चोवीस वर्षांत ठिपका न पुसता दिलेला माझा हा एकच चष्मा.

बुधवारी हमीदभाईंनी दुकान बंद ठेवलं आणि ते, मी आणि रामप्रवेश असे आम्ही तिघे साइटवर गेलो. इंजिनिअर इजिप्तचा, उंचापुरा, उन्हाने आणि कामाने वैतागलेला. त्याने पत्र वाचलं. मग शिक्का बघितला, मग माझ्याकडे, मग पुन्हा शिक्का. म्हणाला, नोकरीच्या इतक्या वर्षांत मला लोकांनी सबबी दिल्या, चूक कुणी लिहून दिली नाही. मग सळयांच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "दहा रिंगा. आत्ता."

रामप्रवेशने चष्मा नाकावर घट्ट केला, ठिपक्याला बोट लावून बघितलं आणि कामाला लागला. सळई खुंटीत अडकव, खेच, फिरव, वाकव. आसपासची माणसं हातातली कामं थांबवून बघायला लागली. हमीदभाई ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. मीही पुटपुटत होतो. एकाच कचेरीत दोन अर्ज गेले होते.

दहा रिंगा झाल्या. इंजिनिअरने खिशातून गुण्या काढला, काटकोन मोजायचा तो लोखंडी कोन, आणि पहिल्या रिंगेच्या कोपऱ्यात टेकवला. फट नाही. दुसरी, फट नाही. चाळीस कोपरे त्याने एकेक करून मोजले, जसं काही चूक सापडली तर त्याला बक्षीस होतं. शेवटची रिंग खाली ठेवली आणि म्हणाला, "खलास, झालं. याला कोण कॅन्सल करत होता?"

"आप ही," कुणीतरी मागून म्हणालं.

तो हसला. त्याने रामप्रवेशच्या पाठीवर थाप मारली, "यल्ला हबीबी, कामाला लाग." आणि सगळ्या साइटवर एकच ओरडा उठला. हमीदभाईंनी मला भर उन्हात मिठी मारली. आमच्या पत्राची कुणी तक्रार केली नाही. उलट त्या कंपनीने आपल्या सगळ्या कॅम्पांत आम्हाला डोळे तपासायला बोलावलं. आता आम्ही महिन्यात चार रविवार जातो, सकाळी चष्मे आणि चारला उपासना. हमीदभाई स्वतः गाडी चालवतात आणि वाटेत माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवतात.

एक खंत राहिली, ती लपवत नाही. नोकरी वाचली, डोळे वाचले, पण त्या सुट्टीत आठ महिन्यांची मुलगी बापाच्या मांडीवर बसली नाही. ती सुट्टी मी परत करू शकत नाही. मंगळवारच्या संगतीत दहावं नाव मी यादीत लिहिलं, पण त्यावर काट मारली नाही. म्हटलं, ते तसंच राहू दे.

गेल्या वर्षी रामप्रवेश पुन्हा सुट्टीवर गेला. एक दिवस दुकानात काम करताना फोनवर फोटो आला. त्याच्या गावाबाहेर कालवा आहे, त्यावर बांबूचा अरुंद पूल, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा, कठडा नाही. त्या पुलाच्या मधोमध रामप्रवेश उभा. खांद्यावर तीन वर्षांची मुलगी, तिने बापाचे दोन्ही कान धरलेत आणि तोंड उघडून हसतेय. त्याने तिला धरलेलं नाही, दोन्ही हात पंखांसारखे पसरलेत. मी फोटो मोठा करून बघितला. उजव्या काचेच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता.

मी फोन डबा घेऊन आलेल्या एस्तेरला दाखवला, हमीदभाईंना दाखवला, समोर बसलेल्या गिऱ्हाइकालाही दाखवला. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

परवाच्या रविवारी कॅम्पात रांग मोठी होती. रामप्रवेश हल्ली रांग लावायला मदत करतो आणि नव्या माणसांना ओरडून सांगतो, सर दुखेगा तो वापस आना, आदत मत करना. मधेच माझ्या टेबलापाशी आला, चष्मा काढून पुढे केला.

"फीका पड़ गया, साहेब," म्हणाला. "फिर से लगा दीजिए."

मी मार्करचं टोपण काढलं. उजव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिला. हात थरथरला नाही.